चौकडीचे एप्रन

अपघाताचा फोन आला तेव्हा माशीबाईच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "गाडीला काही झालं नाही ना?"

पलीकडे चष्मिस होता. प्रयोगशाळेतला सगळ्यात तरुण इंजिनिअर. इस्पितळात गाडीवर लक्ष ठेवायला त्यालाच बसवलं होतं.  तो म्हणाला, "गाडी ठीक आहे मॅडम. एका बाईंचा पाय मोडलाय. चादरींचं कोठार सांभाळतात त्या... म्हणजे तुमच्या थोरल्या जाऊबाई."

ती खुर्चीतून उठली आणि तशीच पुन्हा बसली. आपण आधी काय विचारलं ते या पोरानं ऐकलंय आणि तो ते विसरणार नाही, हे तिला त्या घाईतही कळलं. लाज वाटली. मग वहिनींचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि लाजेला जागाच उरली नाही.

माशीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण बारा वर्षं जी बाई माशी, मधमाशी आणि टोळ यांच्या डोळ्यांत डोकं घालून बसते तिला लोकांनी दुसरं म्हणायचं तरी काय? माशीचा मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा. तरी ती भरवेगात खोलीत शिरते, दिव्याला वळसा घालते आणि तुमचा हात उठायच्या आत पसार होते. माणूस, टेबल, भिंत यातलं तिला काही ओळखता येत नाही आणि त्यावाचून तिचं अडतही नाही. डोळ्यांसमोरून काय किती वेगानं सरकतंय, एवढंच ती बघते. डावीकडचं जास्त वेगानं सरकायला लागलं म्हणजे डावी भिंत जवळ आली, उजवीकडे व्हा. समोरचं काही भराभर मोठं होतंय म्हणजे अंगावर येतंय, थांबा. बाकीच्या मंडळींनी आपापल्या यंत्रांना नकाशे पाठ करायला लावले, डोक्यावर महागडी उपकरणं बसवली. माशीबाईनं आपल्या गाडीला माशीचा डोळा दिला. गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवलेला, वाटीएवढा, शेकडो बारीक भिंगांचा. सामान वाहणारी ही बिनचालकाची गाडी दिसायला एखाद्या आडव्या कपाटासारखी, पण चालायला लागली की बघणाऱ्याच्या तोंडून आपसूक 'वा' निघायचं. माशीबाईला स्वतःचं मूल चालायला लागलं तेव्हाही एवढा आनंद झाला नसेल. तो सोहळा तर तिनं पाहिलाच नव्हता. त्या दिवशी ती प्रयोगशाळेत टोळ मोजत होती. मुलीचं पहिलं पाऊल पडलं ते खालच्या मजल्यावर, वहिनींच्या पुढ्यात.

दोघी जावा एकाच इमारतीत राहत, वहिनी खाली आणि ही वर. वहिनी इस्पितळात अकरा वर्षं चादरींच्या कोठारावर होत्या. तळघरात एका टोकाला धुलाईखाना, दुसऱ्या टोकाला लिफ्ट, मधे दोन वळणं असलेला लांबलचक बोळ, आणि दुसऱ्या वळणावर वहिनींचं कोठार. चाव्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असे आणि तो वाजला की वॉर्डबॉय आपोआप सरळ चालत. कुठल्या वॉर्डात किती चादरी, कुठली उसवली, कुठल्या उशीच्या अभ्र्याला डाग राहिलाय, सगळं त्यांच्या डोक्यात. कोठार म्हणजे त्यांचं राज्यच होतं, आणि त्या ते कडकपणे चालवत. गाडीला इस्पितळाचा दरवाजा उघडला तोही त्यांनीच. मेट्रनबाई यंत्राचं नाव काढल्यावर नाक मुरडत होत्या, तेव्हा वहिनी त्यांना म्हणाल्या होत्या, "आमच्या धाकटीनं केलंय. तिनं केलेलं कच्चं नसतं." त्या एका वाक्यावर सहा आठवड्यांची चाचणी मिळाली. तिसऱ्या आठवड्यात चादरींनी भरलेली गाडी सरळ वहिनींवर आली आणि घोट्याच्या वर त्यांचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

शस्त्रक्रिया झाली, हाडाला धातूच्या पट्ट्या बसवल्या, चौथ्या दिवशी वहिनी घरी आल्या. त्याच दिवशी सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, माशीबाईला आपल्या खोलीत बोलावून एक कागद पुढे केला. वहिनींचा जबाब होता. अक्षर त्यांचंच, गोल आणि ठसठशीत.

"चादरींचा गठ्ठा हातात असल्यामुळे मी समोर पाहिलं नाही. माझं लक्ष नव्हतं. गाडीचा काही दोष नाही."

खाली सही.

ते वाचून माशीबाईच्या जिवात जीव आला. हे इथं स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण पुढं तिला स्वतःलाही ते नाकारता आलं नाही. वहिनींच्या पायाचं दुःख होतं, अगदी मनापासून होतं. पण त्या दुःखाच्या खाली, आत कुठंतरी, गाडी सुटली म्हणून तिला हायसं वाटलं. बिचाऱ्या वहिनी, तिच्या मनात आलं, कायम घाईत असतात.

"मेट्रनबाई काय म्हणतात?" तिनं विचारलं.

"चौकशी होणार. अजून बारा दिवसांनी बैठक आहे," सर म्हणाले. "जबाब असाच राहिला तर अहवालात कर्मचाऱ्याची बेपर्वाई म्हणून नोंद होईल. मग कोठार त्यांच्याकडे ठेवणार नाहीत, तसा नियम आहे म्हणे. वाईट वाटतं. पण चाचणी चालू राहील."

म्हणजे एक तर वहिनींचं कोठार जाणार, नाही तर गाडी. सरांनी हे असं तोंडानं म्हटलं नाही. ते सभ्य गृहस्थ होते.

माशीबाई रोज संध्याकाळी खाली जायची. डबा न्यायची, वहिनींचे केस विंचरायची, पायाखालची उशी सारखी करायची, गोळ्या कुठली कधी ते पुन्हा एकदा लिहून ठेवायची. थोरले दीर दार उघडत आणि न बोलता आत निघून जात. वहिनी मात्र नेहमीसारख्या. पडल्यापडल्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायच्या, समोरच्या बाल्कनीतल्या बाईला नावं ठेवायच्या. त्या दिवसाचा विषय मात्र दोघींपैकी कुणी काढला नाही. कशाला उगाच खपली काढा, असं माशीबाई स्वतःला समजवायची, आणि जिना चढून वर आली की पुन्हा संगणक उघडून बसायची.

कारण तिला चैन पडत नव्हतं. जबाब काही म्हणो, गाडी थांबायला हवी होती. समोरचा माणूस बेसावध असो, झोपेत असो, गाडी थांबणार, हेच तर तिनं बारा वर्षं लोकांना सांगितलं होतं.

दोन चित्रणं होती. एक बोळातल्या छताच्या कॅमेऱ्याचं. ते तिनं आठव्या दिवशी पाहिलं. वहिनी कोठारातून बाहेर येतात, दोन्ही हातांत चादरींचा गठ्ठा, एका चादरीचं टोक सुटून पार बुटांपर्यंत लोंबतंय. पहिलं वळण घेऊन गाडी समोरून येते. वहिनी थांबतात. गठ्ठ्यावरून त्या सरळ गाडीकडे बघतायत, अगदी रोखून. आणि तशाच खांबासारख्या उभ्या राहतात. बाजूला व्हायला भरपूर जागा आहे, वेळही आहे. त्या हलत नाहीत.

माशीबाईनं ते चित्र थांबवलं. समोर पाहिलं नाही म्हणतात, आणि इथं तर चांगल्या बघतायत. मग तसं का लिहिलं? आणि बघत होत्या तर हलल्या का नाहीत? हा प्रश्न तिच्या मनात आला, नाही असं नाही. पण तो तिनं बाजूला ठेवला, कारण दुसरा प्रश्न तिला जास्त जवळचा होता. गाडीला काय दिसलं?

दुसरं चित्रण गाडीच्या डोळ्यातलं होतं. ते साधं चित्र नसतं. काळ्या पडद्यावर बारीक बाण असतात. जे सरकतंय तिथं बाण, जेवढा वेग तेवढा लांब बाण. बोळाच्या भिंती पांढऱ्या गुळगुळीत फरश्यांच्या. कोऱ्या भिंतीवर काही सरकताना दिसतच नाही आणि डोळ्याला वाटतं की तिथं मोकळं आहे. हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून चाचणीआधी दोन्ही भिंतींवर कमरेखाली काळ्या चिकटपट्टीचे उभे पट्टे तिनं स्वतः उकिडवं बसून लावून घेतले होते. पडद्यावर ते पट्टे झकास दिसत होते. डावीकडे बाण, उजवीकडे बाण. पण दुसऱ्या वळणावरच्या समोरच्या भिंतीवर पट्टे नव्हते, तिथं गाडी बाजूचे पट्टे बघूनच वळायची. त्या पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा एप्रन, पांढरी लोंबती चादर, पांढरे कापडी बूट. वरचा चेहरा गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या डोळ्याच्या टप्प्यातच नव्हता.

पडद्याच्या मधोमध काहीच नव्हतं. एकही बाण नाही. तिथं एक बाई उभी होती, आणि डोळ्याच्या लेखी तो मोकळा रस्ता होता.

तिनं ते शंभर वेळा तरी बघितलं असेल. पुढं, मागं, एकेक क्षण सुटा करून. पण असं कसं? प्रयोगशाळेत चार हजारांवर फेऱ्या झाल्या होत्या. माणसं आडवी आली होती, उभी राहिली होती, खुर्चीत बसली होती. चार हजार फेऱ्यांत गाडीनं एका माणसाला साधं खरचटू दिलं नव्हतं. मग इथंच घोडं कुठं पेंड खात होतं?

दहाव्या दिवशी दुपारी ती प्रयोगशाळेत अशीच डोकं धरून बसली होती. काचेपलीकडे फेरी चालू होणार होती. चष्मिसानं हाळी दिली, "गाडी!" आणि सगळे होते तिथं पुतळ्यासारखे उभे राहिले. ही इथली रीतच होती. गाडी चालताना माणूसही चालला की डोळ्याला दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून गाडी सुटली की सगळ्यांनी जागच्या जागी. एकाच्या हातात चहाचा कप, एकजण अर्धवट वाकलेला, सुतारकाका करवत हातात धरून. सगळ्यांच्या अंगात लाल-काळ्या चौकडीचे एप्रन. गाडी ऐटीत सगळ्यांना वळसे घालत निघून गेली.

माशीबाईनं खाली स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. तिच्याही अंगात चौकडीचा एप्रन होता. 

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गाडी नवी होती आणि एकदा ती पांढऱ्या सदऱ्या-लेंग्यातल्या सुतारकाकांच्या पोटरीला जाऊन धडकली. लहानशीच धडक, काका ओरडले जास्त, लागलं कमी. पुढच्याच आठवड्यात कुणी बडे पाहुणे गाडी बघायला येणार होते. साध्या रंगाच्या कपड्याचं काय करायचं हे शोधायला महिना लागला असता. म्हणून माशीबाईनं बाजारातून चौकडीच्या कापडाचा ठोक तागा आणला आणि सगळ्यांना गुडघ्याखालपर्यंत येणारे एप्रन शिवून घेतले. तात्पुरतं म्हणून. चौकडीला कडाच कडा, डोळ्याला मेजवानी. वहीत तिनं लिहिलं, 'साधे कपडे – नंतर बघू.' पाहुणे खूश होऊन गेले. एप्रन राहिले. ते इतके राहिले की प्रयोगशाळेची ओळख झाले, फोटोत झळकले, भेटीला येणाऱ्यालाही दारातच एक अडकवायला मिळू लागला. चष्मिसासारखी नंतर आलेली मुलं तो गणवेशच समजत होती. भिंतींच्या पट्ट्यांची आठवण ठेवणाऱ्या बाईला माणसांच्या अंगावरच्या चौकडीची आठवण राहिली नव्हती, कारण ती रोज तिच्याच अंगावर होती.

ती सरांकडे गेली. सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"चार हजार फेऱ्या झाल्यात," ते म्हणाले.

"सगळ्या चौकडीत, सर."

"कपडा पांढरा म्हणून अख्खा माणूस दिसत नाही? मला नाही पटत. छे! त्या बाईंनी लिहून दिलंय ना, लक्ष नव्हतं म्हणून?"

"त्या बघत होत्या. चित्रणात दिसतंय."

"बघत होत्या तर बाजूला व्हायला काय झालं होतं?" सर वैतागून म्हणाले. मग आवाज खाली आणला. "हे बघ, डोळा दुरुस्त करू. टेकल्याबरोबर थांबेल अशी पट्टी लावू, एप्रन जाळून टाकू, तू म्हणशील ते करू. पण आधी अहवाल जाऊ दे. एकदा का गाडीच्या नावावर मोडलेला पाय लागला, की पुन्हा आपल्याला कुणी दारात उभं करणार नाही. इथं दहा माणसं आहेत. आणि तुझी बारा वर्षं आहेत."

त्यांचं चुकत नव्हतं, हीच पंचाईत होती. माशीबाई चार दिवस मूग गिळून बसली. तिला भीती वाटत होती, साधी, पोटातली भीती. गाडी गेली तर आपण कोण उरतो? पन्नाशीला टेकलेली, माश्यांबद्दल पुष्कळ माहिती असलेली एक बाई. संध्याकाळी ती खाली जायची, वहिनींच्या केसांतून कंगवा फिरवायची, आणि कंगवा फिरवताना मनात दोन्ही बाजू घोळवायची. एकदा वहिनी म्हणाल्या, "हात कुठं आहे तुझा आणि डोकं कुठं? ओढतंय गं." ती 'सॉरी' म्हणाली आणि हलक्या हातानं विंचरू लागली.

शेवटी तिनं ठरवलं. बैठकीत खरं सांगायचं. वहिनींना आधी सांगावं का? सांगितलं तर त्या नको म्हणतील, 'मग माझ्या जबाबाचं काय?' असं विचारतील, घोळ वाढेल. म्हणून नाही सांगितलं. आपण त्यांच्यासाठीच तर करतोय, अशी तिनं मनाची समजूत घातली आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी ती गाढ झोपली.

बैठक तळघरातच झाली, कोठाराशेजारच्या खोलीत. मेट्रनबाई, सर, चष्मिस, माशीबाई, आणि चाकाच्या खुर्चीत वहिनी, पाय सरळ पुढे धरलेला. मेट्रनबाईंनी जबाब मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?"

"मला," माशीबाई म्हणाली.  "या जबाबात लिहिलंय ते तसं झालेलं नाही. दोष गाडीचा आहे. म्हणजे माझा. पांढऱ्या भिंतीपुढे पांढऱ्या कपड्यातला माणूस आमच्या गाडीला दिसत नाही. हे मला तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं आणि मी ते नंतर बघू म्हणून सोडून दिलं."

तिनं एप्रनची सगळी हकीकत सांगितली. वहिनींकडे तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्या डोळ्यांनी गप्प बस म्हणतायत, हे तिला दिसलं असतं.

सर उठले. त्यांचे कान लाल झाले होते. "हा एक अंदाज आहे," ते म्हणाले. "अंदाजावर गाडी बंद करू नका. मी स्वतः उभा राहतो. द्या एक चादर."

ते खोटेपणानं बोलत नव्हते. त्यांचा गाडीवर खरोखर विश्वास होता. चादर अंगाला गुंडाळून ते त्याच वळणावर, त्याच भिंतीपुढे जाऊन उभे राहिले. माशीबाईच्या हातात गाडी थांबवायचं बटण होतं. चष्मिसानं बोळाच्या टोकावरून गाडी सोडली, धुतलेल्या चादरींनी भरलेली, जशी त्या दिवशी होती तशी.

गाडी आली. पट्ट्यांमधून, अगदी मधोमध, रेघेवर चालल्यासारखी. तिचं चालणं बघून माशीबाईला त्याही क्षणी अभिमान वाटला, आणि मग स्वतःचाच राग आला. दहा पावलं उरली. वेग कमी झाला नाही. सर ताठ उभे होते. पाच पावलं. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं पण डोळ्यांतून ते गेलं. "थांबव!" वहिनी किंचाळल्या. माशीबाईनं बटण दाबलं. गाडी करकरत थांबली तेव्हा तिच्यात आणि सरांच्या नडगीत वीतभर अंतर होतं.

सर भिंतीला पाठ घासत खाली बसले. "दिसलोच नाही मी तिला," ते म्हणाले. एखाद्या जुन्या मित्रानं रस्त्यात ओळख दिली नाही, असा त्यांचा चेहरा झाला होता.

मेट्रनबाईंना फार वेळ लागला नाही. चाचणी आजपासून बंद. बेपर्वाईची नोंद होणार नाही. मग त्या चाकाच्या खुर्चीकडे वळल्या.

"तुम्ही लिहून दिलं होतंत, समोर पाहिलं नाही म्हणून."

"हो."

"खरं होतं?"

वहिनींनी मान हलवली. "नव्हतं."

"मग का लिहिलंत?"

"घरचं माणूस आहे," वहिनी म्हणाल्या. एवढंच.

मेट्रनबाईंनी जबाब घडी करून पाकिटात ठेवला. "नोकरी राहील तुमची," त्या म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांनाही जड जात होतं. "पण अकरा वर्षं मी एकही चादर न मोजता तुमच्या शब्दावर सह्या केल्या. चौकशीच्या कागदावर खोटं लिहिणाऱ्या बाईकडे आता कोठार कसं ठेवू? पाय बरा झाला की वरच्या मजल्यावर काम देईन. चाव्या इथं ठेवून जा."

वहिनींनी कमरेचा जुडगा सोडला. गाठ घट्ट होती, मदतीला माशीबाईनं हात पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला.

टॅक्सीत मागच्या सीटवर वहिनी आडव्या बसल्या, मोडलेला पाय माशीबाईच्या मांडीवर.  गाडी गेली होती, कोठारही गेलं होतं. एक वाचवायला दुसरं द्यायचं, असा हिशेब तिनं मांडला होता, आणि दोन्ही गेली होती. शेवटी तिच्यानं राहवेना.

"मी तुम्हाला कधी म्हटलं होतं का वहिनी, माझ्यासाठी खोटं लिहा म्हणून?"

"नाही. तू काहीच म्हटलं नव्हतंस." वहिनी खिडकीतून बाहेर बघत होत्या. "रोज येत होतीस. केस विंचरलेस, उशी सारखी केलीस, गोळ्यांचा तक्ता लावलास. एकदा तरी विचारलंस, वहिनी, त्या दिवशी काय झालं?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून..."

"मला कसला त्रास? पाय मोडलाय माझा, तोंड नाही." त्या हसल्या नाहीत. "वरून रात्री तुझी खुर्ची सरकलेली ऐकू यायची मला. बसलीय म्हणायचे, यंत्राला विचारत बसलीय. म्हटलं, कधीतरी खाली येऊन मलाही विचारेल."

 "आता विचारते," ती म्हणाली. "काय झालं होतं?"

"आधीच्या आठवड्यात दोनदा आली होती ती अंगावर," वहिनी म्हणाल्या. "तिथंच, वळणावर. दोन्ही वेळा मी उडी मारून बाजूला झाले. दुसऱ्यांदा तुमचा तो चष्म्यावाला पोरगा धावत आला. चांगला मुलगा आहे, समजावून सांगितलं त्यानं. म्हणाला, मावशी, हलायचं नसतं. तुम्ही हललात की गाडी गोंधळते. जागेवर उभं राहायचं, ती आपोआप थांबते, मॅडमनी सांगितलंय."

त्यांनी पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"मॅडम म्हणजे तू. मग तिसऱ्यांदा नाही हलले. भीती वाटत होती गं, पण म्हटलं, धाकटी सांगतेय म्हणजे थांबेल."

टॅक्सी वळली. धक्का बसू नये म्हणून माशीबाईनं वहिनींचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला, आणि घर येईपर्यंत तिला मान वर करवली नाही.